कच्च्या मातीची मूर्ति

कुंभारवाडा म्हटला कीं चाक आणि भट्टी डोळ्यांपुढें उभीं राहतात. कोलकात्याच्या उत्तर भागांत, हुगळीच्या कांठीं वसलेल्या कुमारटुलींत दुर्गामूर्ति घडविणाऱ्यांस मात्र या दोहोंचीही गरज पडत नाहीं. येथील पुष्कळ घराण्यांचे पूर्वज कृष्णनगराकडून आले.

प्रथम बांबूच्या चौकटीवर भाताचा पेंढा सुतळीनें आवळून देहाचा आकार साधतात. त्यावर तूस मिसळलेली चिकट माती चढवितात आणि ती वाळल्यावर बारीक मातीचा हात देतात. मुखवटा साच्यांतून काढतात. बोटें निराळीं घडवून जोडतात. भेगा पडल्यास पातळ मातींत भिजविलेल्या चिंध्यांनीं बुजवितात. शेवटीं रंग, आणि महालयेच्या दिवशीं डोळे रेखण्याचा प्रघात आहे.

खरी अडचण पावसाची. काम ऐन पावसाळ्यांत चालतें आणि पूजेची तिथि कोणासाठीं थांबत नाहीं. ओली मूर्ति रंग धरीत नाहीं, म्हणून ताडपत्रीखालीं ज्योत फिरवून ती वाळवावी लागते.

आंत पेंढा असलेली मूर्ति भट्टींत घालतां येत नाहीं, हें खरें. पण ती भाजावी अशी अपेक्षाही नसते. शाडूच्या गणपतीप्रमाणेंच ती पाण्यांत विरावयाची असते. विजयादशमीस माती हुगळींत मिसळते. तरंगणारे सांगाडे काढून पुष्कळदां पुन्हां वापरतात. भट्टीनें मूर्ति टिकली असती; पण मग पुढच्या वर्षीं मूर्तिकाराचे हात रिकामे राहिले असते.