शस्त्रक्रियेपूर्वी औषधांची मोजणी : वैद्य व औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

आचार्य सुश्रुतांनी शल्यकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले आहेत. आज प्रधानकर्म रुग्णालयात होते. परंतु पूर्वकर्माचा एक महत्त्वाचा भाग आम्हा वैद्यांच्या व औषधविक्रेत्यांच्या हाती आहे. तो म्हणजे रुग्ण एकूण किती व कोणती औषधे घेतो याची संपूर्ण नोंद.

झाईचे उदाहरण घेऊ. तलासरी तालुक्यातील हे किनाऱ्यावरचे गाव गुजरातच्या सीमेला लागून आहे. येथील रुग्णाला डहाणू जवळ, तसेच उंबरगाव व वापीही जवळ. समजा, साठी उलटलेल्या एखाद्या मच्छीमाराची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे. रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या तो एका डॉक्टरांकडून घेतो, सांधेदुखीची गोळी परस्पर दुकानातून आणतो, गुग्गुळकल्प व चूर्ण वैद्यांकडून नेतो आणि शिवाय कोणी दिलेली मुळी उगाळून घेतो. भूलतज्ज्ञांनी विचारले की तो केवळ दोन गोळ्या सांगतो. काढा, चूर्ण, मुळी ही त्याच्या लेखी औषधे नसतातच.

संख्येला महत्त्व का? पाच वा अधिक औषधांच्या नित्य सेवनास सामान्यतः बहुऔषधसेवन म्हणतात. पाच औषधांच्या परस्पर जोड्या १० होतात, आठ औषधांच्या २८. प्रत्येक जोडी घातक नसते. परंतु जे औषध यादीतच नाही, त्याच्या जोडीचा विचार कोण करणार?

आपल्या द्रव्यांकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. लसूण व गुग्गुळ यांचा रक्तबिंबिकांच्या कार्यावर परिणाम होऊ शकतो. रुग्ण ॲस्पिरिन वा क्लोपिडोग्रेल घेत असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. यष्टिमधूच्या दीर्घ सेवनाने रक्तातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. सर्पगंधेतील रिसर्पिनमुळे भुलीच्या वेळी रक्तदाब अनपेक्षितपणे उतरू शकतो. पिप्पलीतील पायपरिनमुळे फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल यांसारख्या औषधांची रक्तातील मात्रा वाढते. योगवाही गुण आपण सांगतो, तेव्हा त्याची ही दुसरी बाजूही ध्यानी घेणे प्राप्त आहे.

मग सर्वच औषधे थांबवावीत काय? मुळीच नाही. दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड वा बीटा ब्लॉकर अचानक बंद केल्यास जीवावर बेतू शकते. उलटपक्षी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी किमान ३ दिवस थांबविण्याची सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिली. वनौषधींबाबत सुमारे दोन आठवडे आधी थांबण्याचा सल्ला तेथील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने पूर्वीच दिला होता. काय चालू ठेवावे व काय थांबवावे, हा निर्णय शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांचा. त्यांच्यापुढे पूर्ण यादी ठेवणे हे आपले काम.

त्यासाठी पुढील पद्धत सोयीची ठरेल. शस्त्रक्रिया ठरल्याचे कळताच रुग्णास घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून आणावयास सांगावे; बाटल्या, पुड्या, तेले, मुळ्या काहीही वगळू नये. प्रत्येकाचे नाव, घटक, मात्रा, वेळ व किती दिवसांपासून चालू आहे हे कागदावर लिहावे. नाममुद्रा भिन्न पण घटक तोच, असे आढळल्यास तशी खूण करावी. वैद्यांनी स्वतः बनवून दिलेल्या कल्पाचे घटक लपवू नयेत. त्यांची नावे भूलतज्ज्ञांना समजतील अशीच लिहावीत. कागदाची एक प्रत रुग्णाच्या हाती व एक आपल्या दप्तरी असावी.

औषधविक्रेते बंधूंना विशेष विनंती अशी की, वेदनाशामक मागणाऱ्या रुग्णास ‘एवढ्यात शस्त्रक्रिया आहे का?’ एवढे अवश्य विचारावे. अनेकदा सर्व चिठ्ठ्या पाहणारे दुकान हेच एकमेव ठिकाण असते.

पश्चात्कर्मातही ही यादी उपयोगी पडते. रुग्णालयातून सुटताना मिळालेली नवी औषधे जुन्यांत मिसळतात आणि आठवड्यापुरती दिलेली गोळी महिनोन्‌महिने चालू राहते. म्हणून रुग्ण परत येताच दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात व शंका असल्यास संबंधित डॉक्टरांशी बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची मोहीम सुरू केली. आपल्या चिकित्सालयात व दुकानात तिचा आरंभ एका कोऱ्या कागदाने करता येईल. वैद्यवर्गाने तो अवश्य करावा, ही विनंती.