घरीं बांधलेलें विमान उडण्यापूर्वीं

कांदिवलीच्या चारकोप भागांत एका पांच मजली इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनीं सहा आसनांचें विमान बांधलें. इमारतीला उद्वाहन नव्हतें. लेथ, वेल्डिंगचें यंत्र आणि परदेशांतून आणविलेलें सुमारें १८० किलो वजनाचें इंजिन, सारें अरुंद जिन्यानें वर चढलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें वांद्रें-कुर्ला संकुलांतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत लोकांनीं तें विमान पाहिलें. पुष्कळांना वाटलें असेल कीं, विमान झालें, आतां उडावयाचेंच काय तें राहिलें. प्रत्यक्षांत नोंदणी व्हावयास नोव्हेंबर २०१७ उजाडला, उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्यें मिळाला आणि उड्डाणाची चांचणी २०२० सालीं धुळ्यास झाली. या विलंबांत कागदपत्रांचा वांटा मोठा होता, व त्याची हळहळ वाटणें साहजिक आहे. परंतु सारे कागद एका सकाळीं हातीं आले असते, तरी त्याच सायंकाळीं उड्डाण करणें शहाणपणाचें ठरलें नसतें.

गच्चीवरून विमान खालीं आणावयाचें तर तें सुटें करावें लागतें. आणि पुन्हां जोडलें कीं प्रत्येक बोल्ट नव्यानें तपासावा लागतो. वैमानिकानें दांडा डावीकडे कलविला असतां डाव्या पंखाच्या मागील कडेची झडप वर आणि उजव्या पंखाची खालीं गेली पाहिजे. तारा उलट जोडल्या गेल्या तर जमिनीवर विमान निमूटपणें धांवतें; चूक कळते ती हवेंत, आणि तेव्हां ती सुधारण्यास सवड नसते. ही तपासणी दुसऱ्या जाणत्या माणसानें करावी, असा दंडक आहे. आमटी करणाऱ्याला आपल्या आमटींतलें मीठ कळत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

मग वजन. तिन्ही चाकांखालीं तीन कांटे ठेवतात. प्रत्येक कांट्यावरील वजनाला ठराविक बिंदूपासूनच्या अंतरानें गुणून, त्या बेरजेला एकूण वजनानें भागलें म्हणजे गुरुत्वमध्य सांपडतो. तो फार मागें गेला तर नाक आपोआप वर उचललें जातें, वेग मंदावतो आणि पंखांची उचल एकाएकीं नाहींशी होते. इंधनाचीहि अशीच परीक्षा असते. विमान चढतांना नाक जितकें वर असतें तितकें तें जमिनीवरच उचलून धरतात आणि नळींतून किती इंधन वाहतें तें मोजतात. टांकी वर असून इंधन आपल्या भारानें उतरत असेल तर तें गरजेच्या दीडपट, पंपानें येत असेल तर सव्वापट भरलें पाहिजे.

यानंतर धांवपट्टीवर आधीं सावकाश, नंतर वेगानें धांव. वेगाची धांव दिसते तितकी निरुपद्रवी नसते. विमान नकळत वर उठूं शकतें. म्हणून त्या दिवशीं उड्डाणाची पूर्ण तयारी असावीच लागते.

स्थळाची निवड त्याहून महत्त्वाची. उपनगरांत जुहूचा विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेंच उतरले. पण आज भोंवतीं दाट वस्ती आहे आणि सांताक्रूझचा मोठा विमानतळ हाकेच्या अंतरावर. नव्या विमानाचें इंजिन वर उठतां उठतां बंद पडलें तर समोरच उतरावें लागतें. मागें वळण्याच्या मोहानें अनेक जाणते वैमानिक गमावले आहेत. समोर घरें असतील तर धोका एकट्या वैमानिकाचा राहत नाहीं. मोकळी जमीन असलेल्या ठिकाणच्या धांवपट्टीचें मोल असें आहे.

पहिल्या उड्डाणाला वारा शांत हवा आणि प्रवासी कोणी नको. पुरेशी उंची गांठावी, विमानतळावरच घिरट्या घालाव्या, वेग हळूहळू कमी करून उतरण्याच्या वेळीं विमान कसें वागेल तें वरच पाहून घ्यावें, आणि उतरावें. अमेरिकेंत घरगुती विमानांची परंपरा जुनी आहे. तेथें साधारणपणें चाळीस तासांचें चांचणी-उड्डाण पुरें होईपर्यंत, आणि इंजिन व पंखा यांची जोडी आधींच प्रमाणित असेल तर पंचवीस तासांपर्यंत, हौशी प्रवाशाला त्यांत बसतां येत नाहीं.