आवडीचं लिहा, पण पावतीसह लिहा



आपल्या घरातल्या मुली मोबाइलवर कोरियन गाणी ऐकतात, हे आता नवीन राहिलेलं नाही. बीटीएस हे नाव तुमच्याही कानावरून गेलं असेल. दक्षिण कोरियातल्या सात मुलांचा हा गट २०१३ साली लोकांपुढे आला. गाण्याचे शब्द कळत नाहीत, तरी पोरींना ती पाठ. ही गाणी चांगली की वाईट, हा आजचा विषय नाही. या गाण्यांच्या अल्बमची माहिती विकिपीडियावर असते. ती कोण लिहितं आणि ती बरोबर ठेवायला काय करावं लागतं, ते आज बघू. कारण उद्या तुमची मुलगी हे काम करू शकते, आणि तुम्हीसुद्धा.

विकिपीडिया म्हणजे इंटरनेटवरचा ज्ञानकोश. तो जानेवारी २००१ मध्ये इंग्रजीत सुरू झाला, मराठीत मे २००३ मध्ये. त्याला पगारी लेखक नाहीत. वाचणाऱ्यांपैकीच कुणीतरी पान उघडतं, ‘संपादन’ वर बोट ठेवतं आणि लिहितं. मग तुम्ही म्हणाल, कुणीही लिहितं तर भरवसा कसा ठेवायचा?

आपण आपल्या गटाच्या वहीवर भरवसा कसा ठेवतो? वही लिहिणारी ताई चांगली आहे, एवढ्यावर नाही. प्रत्येक रकमेला पावती आहे, पासबुकाशी मेळ बसतो आणि वही सगळ्यांसमोर उघडते, म्हणून ठेवतो. विकिपीडियाचंही तसंच आहे. प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. कुणी, कधी, कोणता शब्द बदलला ते तिथे दिसतं. खोडलेलंही दिसतं. मतभेद झाला तर ‘चर्चा’ नावाच्या पानावर बोलायचं. मुख्य नियम तीन. छापून आलेल्या भरवशाच्या पुराव्याशिवाय लिहायचं नाही. कुणाची बाजू घ्यायची नाही. स्वतःचा अंदाज घालायचा नाही.

आता एक खरा अल्बम घेऊ. बीटीएसचा ‘लव्ह युवरसेल्फ: टिअर’. तो १८ मे २०१८ रोजी निघाला. त्यात ११ गाणी आहेत. एवढं लिहिणं सोपं आहे. पुढे मात्र पाय घसरायच्या जागा आहेत.

पहिली जागा, हा अल्बम कितवा? एक जण लिहितो तिसरा, दुसरा लिहितो सहावा. दोघंही खरे आहेत. कोरियन भाषेतला हा तिसरा मोठा अल्बम. पण या गटाने जपानी भाषेतही तीन अल्बम काढले होते, ते धरले तर सहावा. शिवाय कमी गाण्यांचे छोटे अल्बम वेगळे मोजतात. म्हणून नुसतं ‘तिसरा’ लिहायचं नाही, ‘कोरियन भाषेतला तिसरा’ असं लिहायचं. आकड्यापेक्षा तो कशाचा आहे, हे महत्त्वाचं.

दुसरी जागा तारखेची. हा अल्बम अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड २००’ या यादीत पहिला आला. कोरियन कलाकारांचा अल्बम तिथे पहिला येण्याची ही पहिलीच वेळ. पण कधी? ज्या आठवड्याची विक्री मोजली तो २४ मे रोजी संपला. बातमी २७ मेला आली. आणि यादीवर छापलेली तारीख आहे २ जून २०१८. तीन तारखा, घटना एक. बैठक, ठराव आणि बँकेत भरणा यांच्या तारखा वेगळ्या असतात, तसंच हे. कोणती तारीख कशाची, ते वाक्यातच सांगायचं.

तिसरी जागा सगळ्यात निसरडी, विक्रीचा आकडा. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात या अल्बमचे १ लाख ३५ हजार ‘युनिट’ मोजले गेले. पुष्कळ जण लिहितात, १ लाख ३५ हजार अल्बम विकले. ते चूक आहे. प्रत्यक्ष अल्बमची विक्री होती सुमारे १ लाख. उरलेला आकडा सुटी गाणी विकत घेतल्याचा आणि ऑनलाइन ऐकल्याचा. दहा सुटी गाणी विकली गेली की एक अल्बम धरायचा, आणि त्या वेळी १५०० वेळा ऑनलाइन ऐकलं की एक अल्बम धरायचा, असा हिशेब होता.

कोरियातला हिशेब आणखी वेगळा. समजा आपण पापड केले. आगाऊ ऑर्डर आली ५०० पाकिटांची. दुकानांत पोचवली ४५०. गिऱ्हाइकांनी नेली ४००. विक्री किती? विचारणाऱ्याला तिन्हींपैकी कुठलाही आकडा सांगता येईल, पण तिन्हींचा अर्थ निराळा. ‘टिअर’ची आगाऊ मागणी १४ लाखांच्या वर गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. ती मागणी होती, विक्री नव्हे. कोरियातली गाऑन नावाची यादी, जिला २०२२ पासून सर्कल म्हणतात, दुकानांकडे पाठवलेल्या अल्बममधून परत आलेले वजा करून आकडा देते. हे आकडे एकमेकांत मिसळले की हिशेब बिघडला. आणि हा अल्बम चार वेगवेगळ्या रूपांत निघाला होता. एकच मुलगी चारही घेऊ शकते. म्हणून विकलेल्या प्रती म्हणजे तितकी माणसं, असंही लिहायचं नाही.

चौथी जागा नावांची. कोरियन माणसाचं आडनाव आधी येतं, आपल्या दहावीच्या मार्कशीटवर येतं तसं. बीटीएसमध्ये किम नामजून, किम सोकजिन आणि किम तेह्योंग असे तीन किम आहेत. ते भाऊ नाहीत. कोरियात किम हे आडनाव फारच पसरलेलं आहे. शिवाय काहींचं रंगमंचावरचं नाव वेगळं. नामजून म्हणजे आरएम. मराठीत आणखी एक पेच आहे. अल्बमच्या नावातल्या इंग्रजी शब्दाचे उच्चार दोन. टिअर म्हटलं तर अश्रू, टेअर म्हटलं तर फाडणं. मराठीत एकच लिहावा लागतो, म्हणून दुसरा अर्थ कुठेतरी सांगून ठेवलेला बरा.

पाचवी जागा श्रेयाची. गाणं गायलं कुणी आणि लिहिलं कुणी, या दोन गोष्टी. ‘फेक लव्ह’ हे या अल्बममधलं मुख्य गाणं सातही जण गातात, पण लिहिणाऱ्यांत आरएमसोबत पीडॉग आणि ‘हिटमॅन’ बांग ही नावं आहेत. हे शोधायचं अल्बमसोबतच्या पुस्तिकेत, किंवा कोरियाच्या संगीत हक्क संस्थेच्या नोंदीत. ज्याने काम केलं त्याचं नाव गाळलं जाऊ नये. शेतात राबूनही सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

आता पुरावा कशाला म्हणायचं? चाहत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेलं चित्र हा पुरावा नाही. नावाजलेलं वर्तमानपत्र, यादी काढणारी संस्था, अल्बमची पुस्तिका, हे पुरावे. कंपनी स्वतःबद्दल बोलते तेव्हा तारीख आणि गाण्यांची नावं तिच्याकडून घ्या, कौतुक घेऊ नका. आणि एका चक्रापासून सावध राहा. कुणी विकिपीडियावर चुकीचा आकडा टाकतो. घाईतला बातमीदार तो उचलतो. मग तीच बातमी विकिपीडियावर पुरावा म्हणून येते. खोटं स्वतःचाच साक्षीदार होतं. म्हणून बातमी आधीची की विकिपीडियावरची नोंद आधीची, ते ‘इतिहास’ उघडून बघायचं.

सगळ्यात अवघड भाग मनाचा आहे. ज्यांच्यावर जीव आहे त्यांच्याबद्दल मोजून-मापून लिहायचं. ‘जगातला सर्वात सुंदर अल्बम’ हे वाक्य तिथे चालत नाही. एखाद्या समीक्षकाने नाव ठेवलं असेल तर तेही नोंदवायचं. आपल्या आवडीच्या माणसाचं खोटं कौतुक केलं की त्याचं खरं यशही लोक संशयाने बघतात. ‘बिलबोर्डवर पहिला’ हे खरं वाक्य पुरेसं मोठं आहे, त्याला फुगवायची गरज नाही.

मुलींना दोन गोष्टी जरूर सांगा. खातं टोपणनावाने उघडता येतं, फोन नंबर द्यावा लागत नाही. गाव, शाळा, फोटो तिथे टाकू नये. आणि वर्तमानपत्रातली वाक्यं किंवा गाण्याचे बोल उतरवून टाकायचे नाहीत, त्यांवर दुसऱ्याचा हक्क असतो. माहिती घ्यायची, वाक्य आपलं लिहायचं.

सुरुवात छोटी करा. पुढच्या बैठकीनंतर मुलीला सोबत घ्या, मराठी विकिपीडियावरचं कुठलंही एक पान उघडा. एखाद्या वाक्याला पुरावा नसेल तर तो शोधून जोडा. तारीख चुकली असेल तर दुरुस्त करा, आणि का बदललं ते खाली दिलेल्या चौकटीत एका ओळीत लिहा. मुलीला मोबाइल येतो, तुम्हाला वही येते. दोन्ही मिळून हे काम नीट होतं.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.