रुमालाखालचा सौदा

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नेवासे तालुक्यातील घोडेगाव लागते. तेथील शुक्रवारचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. म्हैस कितव्या वेताची, कास कशी, दात किती, हे सारे न्याहाळून झाले की गुरांच्या बाजारातील जुन्या रीतीप्रमाणे घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात. बोटे दाबली जातात, सोडली जातात, मान हलते आणि सौदा ठरतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळत नाही. दाव्याला बांधलेल्या म्हशीला तो कळण्याचा प्रश्नच नाही.

त्याच गावात कांद्याचा उपबाजार आहे आणि तेथील व्यवहार याच्या अगदी उलट चालतो. महाराष्ट्राच्या १९६३ च्या पणन कायद्यान्वये शेतमालाचा लिलाव उघड्यावर, चार लोकांदेखत होतो. माल मापात पडतो आणि शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी येते. भावाबद्दल शेतकरी संतापतो आणि बहुधा त्याचा संताप रास्तच असतो; तथापि आपला माल कोणी घेतला, वजन किती भरले, हमाली-तोलाई किती कापली, हे त्याला त्या कागदावरून सांगता येते. पट्टी नसती तर भांडण कशावर करावे, हेही त्याला उमजले नसते.

आता आणखी एक बाजार आहे. तो सदऱ्याच्या खिशात भरतो, त्याला वार नाही आणि सुटी नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब उघडून बसलेला शिक्षक, कारकून वा विद्यार्थी आपण गिऱ्हाईक आहोत अशा समजुतीत असतो. वस्तुतः त्याने पडद्यावर बोट फिरविताच, डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी, त्याच्यासमोर कोणती जाहिरात ठेवावी याचा लिलाव यंत्रांमध्ये होऊन गेलेला असतो. हा लिलाव कांद्याच्या रीतीने होत नाही, तो रुमालाखाली होतो.

खेड्यापाड्यांतून एक समज आता दृढ झाला आहे की, मोबाइल आपले बोलणे चोरून ऐकतो. दुपारी पारावर कडबाकुट्टी यंत्राचा विषय निघावा आणि रात्री त्याच यंत्राची जाहिरात समोर यावी, हा अनुभव आल्यावर दुसरे काय वाटणार? परंतु या कंपन्या सर्रास कान लावून बसतात याला भक्कम पुरावा मिळालेला नाही, आणि खरे सांगायचे तर त्यांना तशी गरजही नाही. ज्या संकेतस्थळावर आपण यंत्राची किंमत पाहिली, तेथे बहुधा फेसबुकच्या मालक कंपनीने, म्हणजे ‘मेटा’ने, दिलेली डोळ्यांना न दिसणारी एक लहानशी आज्ञावली बसविलेली असते, तिला ‘पिक्सेल’ म्हणतात. आपण कोणत्या पानावर आलो, काय पाहिले, विकत न घेता परतलो काय, याची वर्दी ती कंपनीकडे पोचविते. दुकानात बिलासाठी दिलेला मोबाइल क्रमांक दुकानदाराच्या यादीतून तेथे जाऊन आपल्या खात्याशी जुळविला जाऊ शकतो. आपण जुळविला नसला तरी आपला क्रमांक आपल्या मेहुण्याने स्वतःची संपूर्ण नामावली देऊन टाकताना दिलेला असतो. पारावरच्या ज्या मित्राने यंत्राची चित्रफीत पाहिली तो आणि आपण एकाच ठिकाणी, एकाच वेळी होतो, हेही अनेकदा ठाऊक असते. इतके हाती असल्यावर संभाषण ऐकण्याचा खटाटोप कशाला करावा?

या तुकड्यांतून माणूस किती उभा राहतो याचे मोजमाप २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळते. शहाऐंशी हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या फेसबुकवरील पसंतीच्या खुणा, म्हणजे ‘लाइक्स’, संगणकाला दिल्या आणि त्यावरून स्वभाव ओळखावयास सांगितला. दहा खुणांवरून त्याचा अंदाज कचेरीतील सहकाऱ्यापेक्षा सरस ठरला. सुमारे दीडशे खुणांत तो घरच्या माणसांच्या पुढे गेला आणि तीनशेच्या आसपास पोचल्यावर नवरा-बायकोंच्या परस्परांविषयीच्या अंदाजाशी बरोबरी करू लागला. संसारात मुरलेल्या वाचकाला यातील शेवटचा आकडा फारसा धक्कादायक वाटणार नाही, ही गोष्ट वेगळी.

‘माझ्याजवळ लपविण्यासारखे आहे काय?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी २०१८ मधील केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणातील भारताचा आकडा पाहावा. फेसबुकने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार व्यक्तिमत्त्व-चाचणीचे ते ॲप आपल्या देशात अवघ्या ३३५ जणांनी घेतले होते. ज्यांची माहिती त्यामुळे बाहेर गेली असावी अशांची संख्या मात्र ५,६२,४५५. उरलेल्या साडेपाच लाखांहून अधिक लोकांनी काहीच केले नव्हते. ते कोणाचे तरी मित्र होते, एवढाच त्यांचा संबंध. संमती ही प्रत्येकाची खाजगी बाब आहे, हे गृहीतच येथे कोसळते.

व्हॉट्सॲपची कथा याहून आपल्या निकटची आहे, कारण शाळेची सूचना, भजनी मंडळाची बैठक आणि सोयरिकीची बोलणी आता तेथेच होतात. फेसबुकने २०१४ साली ते विकत घेतले. २०१६ मध्ये त्याने वापरकर्त्यांची काही माहिती मालक कंपनीला देण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले; पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. निरोपातील मजकूर कुलूपबंद असतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलले, हे पाकिटाच्या बाहेरचे असते, आणि पाकिटावरूनही पुष्कळ वाचता येते. २०२१ मध्ये ‘मान्य करा, नाहीतर निघा’ या थाटाचे नवे धोरण आले. त्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिलात दंड कायम राहिला. जाहिरातींसाठी माहिती देण्यावरील पाच वर्षांची बंदी मात्र उठली. २०२४ या वर्षी मेटाचे उत्पन्न १६४ अब्ज डॉलरांहून अधिक होते आणि त्यांतील १६० अब्ज जाहिरातींचे होते. त्या तागडीत हा दंड कितीसा भरतो, हे गणिताच्या शिक्षकाने वर्गात सोडवून दाखवावे.

‘आम्ही कोणाची माहिती विकत नाही’ हा या कंपन्यांचा दावा शब्दशः बरोबर आहे. त्या माहिती स्वतःजवळच राखतात आणि तिच्या आधारे आपल्यापर्यंत पोचण्याची वाट भाड्याने देतात. शिवाय एखाद्या लहान दुग्धव्यावसायिकाला काही शंभर रुपयांत पंचक्रोशीपुरती जाहिरात करता येते, ही सोय पूर्वी नव्हती, हेही खरे. आणि जाहिरातीवर जगणे हेच पाप मानावयाचे तर हे सदर ज्या कागदावर छापले जाते त्याचीही सुटका नाही. मात्र वर्तमानपत्र वाचक वाचतो. वर्तमानपत्र वाचकाला वाचीत नाही. प्रश्न न विचारता वाचण्याचा आहे. ॲपल कंपनीने एप्रिल २०२१ पासून आपल्या फोनवर ‘तुमचा माग काढू द्यावयाचा काय?’ असा साधा प्रश्न विचारण्याची सक्ती केली. त्यापायी २०२२ साली आपले सुमारे दहा अब्ज डॉलरांचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज मेटाला स्वतःच जाहीर करावा लागला. लोकांना विचारले तेव्हा लोकांनी काय उत्तर दिले, ते या आकड्यातच आहे.

घोडेगावापासून शनिशिंगणापूर चार-दोन कोसांच्या आत आहे. तेथील घरांना दारे नाहीत, आणि २०११ मध्ये उघडलेल्या बँकेच्या शाखेलाही कुलूप नव्हते, हे सर्वश्रुत आहे. ते दार गावाने आपल्या श्रद्धेने, जाणूनबुजून काढले. आपल्या फोनचे दार कोणी काढले? पंधरा-वीस पानांच्या इंग्रजी अटींखाली ‘मान्य’ या शब्दावर टेकविलेल्या बोटाला श्रद्धा म्हणता येणार नाही.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. न्या. श्रीकृष्ण समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला, कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कायद्यात सरकारने स्वतःसाठी राखलेल्या सवलती चिंताजनक आहेत. तो स्वतंत्र लेखाचा विषय होय. मात्र त्यातील तीन तरतुदी शाळा-कचेऱ्यांतील वाचकांनी ध्यानात घ्याव्यात. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे व त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखविणे निषिद्ध आहे. आपली कोणती माहिती कशी वापरली गेली आणि कोणाकोणाला दिली गेली, याचा गोषवारा मागण्याचा हक्क नागरिकाला आहे. म्हणजे कांद्याची जी पट्टी शेतकऱ्याला मिळते, तीच. आणि संमतीची विचारणा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, अर्थात मराठीतही, उपलब्ध असली पाहिजे. नियमांतील वेळापत्रकाप्रमाणे या तरतुदी अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये, अंमलात यावयाच्या आहेत. तोवर निदान फेसबुकच्या सेटिंगमध्ये, इतर संकेतस्थळांनी व ॲपांनी आपल्याविषयी कळविलेल्या गोष्टींची यादी २०२० पासून पाहावयास मिळते. ती उघडावी. ज्या दुकानांच्या दारात आपण कधी गेल्याचे आठवतही नाही, त्यांची नावे तीत आढळण्याचा संभव आहे.