‘सारखा चिडतो, औषध थुंकून टाकतो’: कॅन्सरवर उपचार सुरू असताना मुलांच्या वागण्यात बदल का होतात?

रात्री दोन वाजता उठून जेवायला मागायचं, ताट समोर आलं की ढकलून द्यायचं, आईला मारायचं आणि पाच मिनिटांत तिच्याच कुशीत शिरून रडायचं. रक्ताच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या लहान मुलांच्या आईवडिलांना हे ओळखीचं असतं. ‘आजारपणात लाड झाले, त्यानं डोक्यावर बसलाय,’ असं नातेवाईक म्हणतात. आईवडिलांनाही कधीकधी तसंच वाटतं.

पण या वागण्यामागे अनेकदा औषध असतं, भीती असते किंवा कुणीच उत्तर न दिलेला एखादा प्रश्न असतो. कारण कळलं तर उपायही बदलतो. म्हणून ते समजून घेऊया.

आधी थोडं आजाराबद्दल

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ० ते १९ वयोगटातल्या सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांपेक्षाही कमी आहे. उशिरा किंवा चुकीचं निदान, औषधांची टंचाई आणि उपचार अर्धवट सुटणं ही त्यामागची मोठी कारणं आहेत. २०३० पर्यंत जगभरातली किमान ६० टक्के मुलं वाचावीत, असं उद्दिष्ट संघटनेनं २०१८ मध्ये ठरवलं.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे ल्युकेमिया, अर्थात रक्ताचा कॅन्सर. त्याच्या ‘अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ या प्रकारात उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. चार वर्षांच्या मुलासाठी हा काळ म्हणजे त्याला आठवणारं जवळपास सगळं आयुष्य. त्यामुळे या काळात त्याचं मन कसं आहे, हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही.

वागणं बदलतं ते औषधामुळे?

बऱ्याचदा हो. ल्युकेमियाच्या उपचारात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइड्स दिली जातात. ती कॅन्सरच्या पेशी मारतात, पण त्यांच्यामुळे भूक प्रचंड वाढते, झोप उडते, चेहरा सुजतो आणि मन सैरभैर होतं. मूल क्षणात रागावतं, क्षणात रडतं. पहिल्या टप्प्यात ही औषधं काही आठवडे रोज असतात. काही उपचारपद्धतींत नंतरही ठरावीक दिवसांनी ती पुन्हा दिली जातात. कोणत्या तारखेला स्टेरॉइड सुरू झालं आणि चिडचिड कधी वाढली, याची वहीत नोंद ठेवली तर हा संबंध दिसू लागतो. मात्र त्रास होतोय म्हणून ही औषधं स्वतःहून कमी किंवा बंद करायची नसतात. त्यातून जिवाला धोका होऊ शकतो. डॉक्टरांना सांगा.

व्हिन्क्रिस्टिन या औषधानं हातापायांच्या नसांना त्रास होतो. कधी जबडाही दुखतो. नीट बोलता न येणारं मूल ‘दुखतंय’ म्हणण्याऐवजी चालायला नकार देतं किंवा घास तोंडातून काढून टाकतं. मोठ्यांना तो हट्ट वाटतो.

अंथरूण ओलं होण्याचंही तसंच. केमोसोबत बरंच सलाइन दिलं जातं, त्यामुळे लघवी जास्त होते. शिवाय घाबरलेलं मूल काही काळ आपल्या वयापेक्षा लहान मुलासारखं वागू लागतं. दोन्ही बाबतीत रागावून उपयोग नसतो.

दवाखान्याचं गेट दिसताच उलटी का होते?

केमोनंतर काही वेळा उलट्या झाल्या की मेंदू त्या अनुभवाची सांगड आजूबाजूच्या गोष्टींशी घालतो. स्पिरिटचा वास, वॉर्डातला पलंग, सलाइनची बाटली. पुढे औषध शरीरात जाण्याआधीच मळमळ सुरू होते. मूल नाटक करत नसतं. म्हणूनच पहिल्या केमोपासून उलटीवरचं औषध वेळेवर देणं महत्त्वाचं असतं.

सुईच्या भीतीचंही तेच. मूल एकदा जबरदस्तीनं दाबून धरलं गेलं की पुढची प्रत्येक सुई अधिक अवघड होते. ही भीती कमी करण्याचे सोपे मार्ग आहेत. त्वचा बधिर करणारं मलम साधारण तासभर आधी लावता येतं. लहान मुलाला आडवं दाबून धरण्याऐवजी मांडीवर बसवता येतं. साबणाचे फुगे उडवणं, गोष्ट ऐकणं, ‘कोणत्या हाताला टोचायचं ते तू सांग’ असा पर्याय देणं, यांचाही उपयोग होतो. पाठीच्या मणक्यातलं इंजेक्शन किंवा बोन मॅरो तपासणी असेल, तर झोपेचं औषध किंवा भूल देता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

मुलाला आजाराबद्दल सांगावं का?

आपल्याकडे घरात ‘कॅन्सर’ हा शब्दच उच्चारला जात नाही. मुलाला सांगितलं तर ते खचेल, ही भीती खरी असते. पण न सांगितल्यानं मुलाला कळत नाही, असं मात्र नाही.

मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ महिलेनं अमेरिकेतल्या एका रुग्णालयात ल्युकेमिया झालेल्या ३ ते ९ वर्षांच्या मुलांचं निरीक्षण केलं होतं. १९७८ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. त्या काळात या आजारातून फार थोडी मुलं वाचत. मोठ्यांनी काहीही सांगितलेलं नसताना मुलांना औषधांची नावं, त्यांचे परिणाम आणि शेवटी आपण वाचणार नाही हेसुद्धा कळत होतं. वॉर्डातल्या इतर मुलांकडून आणि मोठ्यांच्या वागण्यातून ती हे ताडत होती. आईवडिलांना दुःख नको म्हणून माहीत नसल्याचा आव मात्र आणत होती.

आज परिस्थिती खूप बदलली आहे आणि अनेक मुलं बरी होतात. तरी गप्प राहण्यामुळे मूल एकटं पडतं, हे तेव्हाइतकंच खरं आहे. सांगायचं कसं, हे वयावर अवलंबून असतं:

- तीन वर्षांपर्यंत: सगळ्यात मोठी भीती आई-बाबा सोडून जाण्याची. ओळखीचं माणूस, ओळखीची गोधडी, रोजची अंगाई एवढं जपा.
- तीन ते सहा: ‘मी खोटं बोललो म्हणून मला हे झालं’ असं मुलांना वाटू शकतं. ‘यात तुझी काही चूक नाही’ हे पुन्हा पुन्हा सांगा.
- सात ते बारा: ‘रक्तातल्या काही पेशी बिघडल्यात, औषध त्यांना मारतं, त्यात केसांच्या पेशीही सापडतात, म्हणून केस गळतात, पण ते बहुतेक वेळा परत येतात,’ इतकं मुलांना समजतं.
- किशोरवयात: दिसणं, मित्र आणि खासगीपणा महत्त्वाचा. डॉक्टरांशी बोलताना मुलाला बाहेर काढू नका. त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या.

‘आज सुई नाही’ असं खोटं सांगून दवाखान्यात नेऊ नका. एक दिवस सोपा जातो, पण पुढे तुमच्या शब्दावरचा विश्वास उडतो.

मग मुलाला रागवायचंच नाही का?

अनेक घरांत निदानानंतर सगळे नियम एका रात्रीत गळून पडतात. मोबाइल कितीही वेळ, मागेल ते खेळणं. मुलाला याचीही भीती वाटते. आई-बाबा कशालाच नाही म्हणत नाहीत, म्हणजे आता आपलं काही खरं नाही, असा अर्थ ते लावू शकतं. झोपायची वेळ, औषधाची वेळ, मारायचं नाही, असे दोन-तीन नियम तसेच राहू द्या. राग येणं चालेल, हात उचलणं चालणार नाही, हे शांतपणे सांगा.

गावाकडच्या भावंडांचं काय?

महाराष्ट्रातली अनेक कुटुंबं उपचारांसाठी मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात येतात. बहुतेकदा आई मुलासोबत राहते, वडील कामासाठी ये-जा करतात आणि धाकटं किंवा थोरलं भावंड आजीकडे राहतं. त्याला राग येतो, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं वाटतं आणि तसं वाटल्याबद्दल अपराधीही वाटतं. रोज ठरलेल्या वेळी एक व्हिडिओ कॉल, आणि त्यात फक्त त्याच्या शाळेबद्दल गप्पा, एवढ्यानंही फरक पडतो.

राहण्याची सोय नसेल तर सगळ्या घरावरचा ताण वाढतो आणि उपचार सुटण्याची शक्यताही. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून अशा कुटुंबांना मोफत निवारा देते. शिक्षण आणि समुपदेशनासाठी कॅनकिड्स किड्सकॅनसारख्या संस्था काम करतात. रुग्णालयातल्या मेडिकल सोशल वर्करकडे याची चौकशी करता येते.

मदत कधी घ्यायची?

मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, खेळणं-बोलणं थांबलं असेल, औषधाला सतत नकार देत असेल किंवा ‘मला जगायचं नाही’ असं म्हणत असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांची भेट मागा. सरकारच्या ‘टेली मानस’ हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं. आईवडीलही स्वतःसाठी फोन करू शकतात.

पण मूल अचानक सुस्त पडलं, असंबद्ध बोलू लागलं, झटका आला, डोकं खूप दुखू लागलं किंवा ताप आला, तर ते मनाचं दुखणं समजून थांबू नका. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. लगेच रुग्णालय गाठा.

उपचार संपल्यावर बहुतेक मुलं हळूहळू पुन्हा रुळतात. काहींना तपासणीच्या तारखेआधी झोप लागत नाही. मेंदूला रेडिएशन किंवा मणक्यातून औषधं दिलेल्या काही मुलांना लक्ष लागणं, पाठांतर, गणित जड जातं. शाळेत परत पाठवताना वर्गशिक्षकांना तीन गोष्टी सांगून ठेवा: हा आजार संसर्गजन्य नाही, मूल लवकर थकू शकतं आणि लिहायला त्याला जास्त वेळ लागू शकतो. केसांवरून चिडवणाऱ्या वर्गाला कसं समजवायचं, तेही शिक्षकांशी आधीच बोलून ठरवा.