कोयते आले, म्हणजे कोण आले?

ऊसतोडीचा हंगाम लागला की बारामती-इंदापूरकडे मुकादमाला पहिला प्रश्न विचारला जातो, "यंदा टोळीत कोयते किती?" इथे कोयता म्हणजे हत्यार नव्हे. एक कोयता म्हणजे तोडणीला आलेले नवरा-बायकोचे जोडपे. एकटाच गडी आला तर तो अर्धा कोयता. हे बोलणे ज्या मुलाला समजते, त्याला 'मेटॉनिमी' समजलेलीच असते. एका वस्तूचे नाव घ्यायचे आणि तिच्याशी बांधलेला माणूस सांगायचा, एवढेच त्या दचकवणाऱ्या शब्दामागे आहे. "कारखान्याने पहिली उचल जाहीर केली" यातला कारखाना म्हणजे चिमणी आणि चरक नव्हे, संचालक मंडळ. "घरात खाणारी तोंडे सहा" म्हटले की मात्र बाब थोडी बदलते. तोंड हा माणसाचाच अवयव, कोयता माणसाहून वेगळा. अवयवावरून अख्खा माणूस सांगणे ही 'सिनेक्डकी'. पुस्तकात शेजारीशेजारी छापलेल्या या दोन व्याख्यांची मुले वर्षानुवर्षे गल्लत करतात. तोंड आणि कोयता समोर ठेवले तर गल्लत व्हायचे कारण उरत नाही.

आपल्याकडच्या काव्यशास्त्राने हे फार पूर्वी ओळखले होते. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणा समजावताना भाले आत शिरल्याचे उदाहरण घेतले. आत शिरतात ते भाले धरलेले लोक. मम्मटाचा भाला आणि आपला कोयता यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही. बारावीच्या इंग्रजी 'युवकभारती'तल्या कवितांचे रसग्रहण करताना ही नावे लागतात, पुढे बी. ए., एम. ए.ला यादी लांबत जाते, आणि मुलगा समजतो की हे सगळे परके आहे.

बारामतीच्या मुलाने तर असे मुळीच समजू नये. 1729 मध्ये पन्हाळ्याला जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत आले, पुराण सांगत राहिले आणि 1794 मध्ये इथेच वारले. त्यांच्याइतकी शब्दांची कसरत मराठीत क्वचितच कुणी केली असेल. 'केकावली' हे नावच पाहा. आपल्या नावातला मोर धरून कवीने देवाला घातलेल्या आर्त हाकांना मोराची केका म्हटले. नावात श्लेष, म्हणजे 'पन'. हाकेवर केकेचा आरोप, म्हणजे रूपक किंवा 'मेटाफर'. आणि अख्खी कविता देवाला उद्देशून, म्हणजे 'अ‍ॅपॉस्ट्रफी'. एका शीर्षकापासून तीन संज्ञा शिकवता येतात. त्यांच्या 'निरोष्ठ रामायणा'त ओठ जुळवून उच्चारायचे वर्ण वर्ज्य आहेत. म्हणजे रामाची कथा सांगायची, पण 'म' उच्चारायचा नाही! एखादे अक्षर टाळून लिहिण्याच्या या प्रकाराला इंग्रजीत 'लिपोग्राम' म्हणतात. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकने 1969 मध्ये 'ई' हे अक्षर न वापरता कादंबरी लिहिली, तिचे जगभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मोरोपंतांचे नाव त्याच तासाला घ्यायला काय हरकत आहे?

इंग्रजी शिकलेल्या माणसांनी मोरोपंत वाचण्याची रीतही जुनीच. मराठीचे व्याकरण लिहिणाऱ्या दादोबा पांडुरंगांनी 1865 मध्ये 'केकावली'वर 'यशोदापांडुरंगी' ही टीका लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'त डॉक्टर जॉन्सन आहेत आणि मोरोपंतांची कविताही आहे. 1729 हेच इंग्रजी वक्तृत्वाचा मानदंड मानल्या गेलेल्या एडमंड बर्कचेही जन्मवर्ष. वॉरन हेस्टिंग्जवरच्या खटल्यात 1788 मध्ये बर्कने एकामागून एक वाक्ये त्याच शब्दांनी सुरू करून आरोप ठासले. ही 'अ‍ॅनाफोरा'. तेव्हा मोरोपंत बारामतीत हयात होते.

सगळ्याच जोड्या मात्र जुळत नाहीत, आणि तसे मुलांना स्पष्ट सांगायला हवे. उपमा-सिमिली, अतिशयोक्ती-हायपरबोली, अनुप्रास-अ‍ॅलिटरेशन इथपर्यंत ठीक. पण 'आयरनी'ला सरसकट उपरोध म्हटले की घोटाळा होतो. ऑथेल्लो इयागोला प्रामाणिक म्हणतो तेव्हा तो कुणालाही टोमणा मारत नाही. प्रेक्षकाला ठाऊक असलेले त्याला ठाऊक नसते, एवढेच. छंदाचेही तसेच. मराठीत लघूची एक आणि गुरूच्या दोन मात्रा मोजायच्या. मोरोपंतांच्या बहुतेक आर्या 12, 18, 12, 18 अशा चालतात. इंग्रजीत 'आयँबिक पेंटामीटर' म्हणजे पाच गण, आणि प्रत्येकात एक हलका उच्चार व एक आघाताचा. तिथे मात्रा मोजून काही हाती लागत नाही. ओळ मोठ्याने म्हणावी, आघात कुठे पडतो ते कानाने धरावे.

परीक्षेतही नुसते नाव लिहून भागत नाही. 'या ओळीत मेटाफर आहे' हे अर्धे उत्तर झाले. त्या रूपकाने कवितेत काय साधले, हे सांगितले तर रसग्रहण. "दुष्काळात उपाशी दिवस काढले" यात उपाशी माणूस असतो, दिवस नव्हे. पण विशेषण दिवसाला चिकटले की तो काळच भुकेला वाटू लागतो. 'ट्रान्सफर्ड एपिथेट'चे काम ते हेच.

बारामती आणि इंदापूरच्या इंग्रजीच्या शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. अलंकारांचा तास व्याख्येने सुरू करू नका. फळा आधी मुलांच्या स्वाधीन करा, घरातली, शेतातली, कारखान्यावरची अशी दहा वाक्ये त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि मगच त्यांच्यापुढे इंग्रजी नावे मांडा.