शटर पडल्यावर दुकानाचा कचरा जातो कुठे?

दादर स्टेशनच्या पश्चिमेला पहाटेच फुलबाजार भरतो. झेंडू, शेवंती, गुलाबाचे ढीग काही तासांत विकले जातात. मागे उरतात चुरगळलेल्या पाकळ्या, देठ, सुतळी आणि प्लास्टिकच्या पिशव्या. पाकळ्या-देठांचे चांगले खत होते. पण त्यांत पिशव्या मिसळल्या की ते वेगळे करणार कोण? मग सगळाच ढीग डम्पिंगच्या गाडीत भरण्याची पाळी येते.

“आमच्या दुकानातून गेला ना, आता महापालिका बघेल,” असे आपले अनेक व्यापारी बांधव म्हणतात. खरे सांगायचे तर आम्हीही बरीच वर्षे असेच समजत होतो. पण दुकानातून गेलेला कचरा नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जातो. 1927 पासून मुंबईचा कचरा देवनारला पडत आला. जानेवारी 2016 मध्ये तिथे आग लागली, तेव्हा कित्येक दिवस धूर पसरला होता आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गोवंडी-शिवाजीनगरात आपल्यापैकी कितीतरी जणांचे नातेवाईक राहतात. त्या धुरात कोणाची मुले खोकत होती, हे वेगळे सांगायला नको. आता शहराचा बराचसा कचरा कांजूरमार्गला जातो. म्हणजे शेजारी बदलले, प्रश्न तोच राहिला.

तळणीचे तेल

लालबागच्या चिवडा गल्लीत कढया दिवसभर तापलेल्या असतात. रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यांत भजी-समोशांच्या कढयांचेही तेच. एकच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक घटक वाढत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून त्यांची मर्यादा 25 टक्के ठरवली आहे. त्यापुढे ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही.

पण मग त्याचे करायचे काय? गटारात ओतले तर ते थिजून गटार तुंबते. स्वस्तात दुसऱ्या गाडीवाल्याला विकले तर तेच तेल कुणाच्या तरी मुलाच्या पोटात जाते. ही कमाई आपल्याला बरी वाटेल का? असे तेल गाळून, डब्यात साठवून अधिकृत संकलकाला द्यावे. त्यापासून बायोडिझेल तयार होते आणि देणाऱ्यालाही पैसे मिळतात.

दवाखान्याची सुई

परळ म्हणजे रुग्णालयांचा भाग. पण जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम गल्लीतल्या छोट्या दवाखान्यालाही लागू आहेत. रक्त लागलेला कापूस, पट्ट्या पिवळ्या पिशवीत. नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत. सुया-पाती टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. एक सुई साध्या कचऱ्यात गेली, तर ती टोचते सफाई कामगाराच्या किंवा भंगार वेचणाऱ्या बाईच्या हाताला.

आपल्याला काय करता येईल?

दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या हॉटेल, हॉल, सोसायट्यांना महापालिकेने 2017 मध्येच ओल्या कचऱ्याची विल्हेवाट जागेवर लावायला सांगितले आहे. छोट्या दुकानदाराचे काम त्याहून सोपे आहे. ओल्याचा एक डबा, सुक्याचा दुसरा. पुठ्ठा आणि प्लास्टिक कोरडे ठेवले तर भंगारवाला आनंदाने नेतो. आमटी सांडलेला पुठ्ठा कोणीच घेत नाही. ट्यूबलाइट, बॅटऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. लग्नाचा हॉल ठरवताना केटररला एवढेच विचारावे, “उरलेले अन्न कुठे जाणार?” चांगले अन्न वेळेवर गरजूंपर्यंत पोहोचवा, उष्टे खताला द्या.

डबे दोन ठेवले तरी नोकराला ते समजावून सांगावे लागतात. पहिले आठ दिवस मालकाने स्वतः उभे राहून बघावे. भगिनींनो, आज रात्री घरचे दुकान बंद करून आले की जेवायला वाढताना सहज विचारा, “आजचे तेल कुठे टाकले?”